इटलीला बारा दिवस : पाच लेन्सेसपैकी कोणत्या न्याव्यात?

दिवेलागण

नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर इटलीला जायचं आहे. रोम चार दिवस, फ्लोरेन्स तीन, व्हेनिस दोन आणि शेवटी डोलोमाइट्सच्या डोंगरांत तीन. कॅमेऱ्याची बॉडी सोनी ए७ मार्क ४, बॅटरी-कार्डासह ६५८ ग्रॅम. हाताशी असलेल्या लेन्सेस अशा (आधीचा आकडा फोकल लेंथ, मिमीमध्ये : लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं दूरचं जवळ; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) :

१६-३५ एफ/४ पॉवर झूम – ३५३ ग्रॅम
२४-७० एफ/२.८ जीएम-२ – ६९५ ग्रॅम
७०-२०० एफ/२.८ जीएम-२ – १०४५ ग्रॅम
३५ एफ/१.८ – २८० ग्रॅम
८५ एफ/१.८ – ३७१ ग्रॅम

सगळं धरून ३४०२ ग्रॅम होतं. हुड (लेन्सवरचं ऊन अडवणारी कडी), चार्जर, बॅटऱ्या, बॅगेचं स्वतःचं वजन वेगळंच. केबिन बॅगेला सात किलोची मर्यादा आहे आणि लेन्सेस चेक-इन सामानात टाकायच्या नाहीत. सोबत घरची मंडळी आहेत, त्यामुळे दर चौकात लेन्स बदलत बसलो तर कुणी थांबणार नाही.

जास्तीत जास्त तीन लेन्सेस न्यायच्या असं ठरवलंय. अडलंय ते ७०-२०० वर. डोंगरात टेली, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लांब लेन्स, नसली तर पस्तावाल, असं जो तो सांगतोय. खरंच लागते का?

घारीचा_डोळा

आधी टेलीचं बघू, कारण एक किलोचा प्रश्न आहे. यात मतापेक्षा गणित बरं. सूत्र सोपं आहे : वस्तूची उंची मीटरमध्ये, गुणिले फोकल लेंथ मिमीमध्ये, भागिले अंतर मीटरमध्ये. उत्तर येतं ती सेन्सरवरच्या प्रतिमेची उंची, मिमीमध्ये. तुमच्या बॉडीतला फुलफ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी. आडव्या फ्रेममध्ये उत्तर ८ आलं तर वस्तू फ्रेमचा एक तृतीयांश भाग व्यापते. अंतर ऑनलाइन नकाशावर दोन टोकं धरून मोजता येतं.

आता तुमच्या वाटेवरची ठिकाणं घ्या.

डोलोमाइट्समधलं त्रे चिमे, म्हणजे तीन सुळके. समोरून, म्हणजे लोकातेल्ली रिफूजिओपाशी (डोंगरातलं मुक्कामाचं घर) उभे राहिलात तर तुम्ही साधारण २४०० मीटर उंचीवर आणि मधला चिमा ग्रांदे २९९९ मीटरवर. फरक सुमारे ६०० मीटर, सरळ रेषेत अंतर दोन किलोमीटरच्या किंचित वर. ७० मिमीवर ६०० × ७० ÷ २१०० = २०. म्हणजे २४ मिमीच्या फ्रेममध्ये डोंगरानेच २० मिमी खाल्ले! आभाळालाही जागा उरत नाही. तिथली नेहमी दिसणारी चित्रं २४ ते ५० मिमीच्या दरम्यान बसतात. टेलीची गरज शून्य.

फ्लोरेन्स. पियाझाले मिकेलांजेलो या उंचावरच्या चौकातून कॅथेड्रलचा घुमट. शेंड्यापर्यंतची उंची साधारण ११५ मीटर, अंतर अंदाजे १.३ किलोमीटर. ७० मिमीवर ६ मिमी, म्हणजे फ्रेमचा पाव हिस्सा. शहराच्या लाल कौलांसकट रुंद चित्र हवं असेल तर हे छानच, पण घुमट हाच विषय असेल तर कमी. ८५ वर साडेसात. २०० वर जवळजवळ १८, म्हणजे घुमटाने फ्रेम भरली. इथे टेली जिंकते.

व्हेनिस. सान जॉर्जो माज्जोरे चर्चच्या मनोऱ्यावरून पाण्यापलीकडचा सान मार्कोचा मनोरा. उंची ९८.६ मीटर, अंतर सुमारे ६०० मीटर. ७० वर साडेअकरा, म्हणजे जवळपास अर्धी फ्रेम. पुरे झालं.

तर तीन ठळक ठिकाणांपैकी टेली खरी लागते ती एका ठिकाणी. त्यावरही तोड आहे : ८५ लावून बॉडीत एपीएस-सी क्रॉप चालू करायचा, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरायचा. १२७ मिमीचं दृश्य मिळतं, घुमट फ्रेमच्या जवळपास निम्मा होतो. ३३ मेगापिक्सेलचे १४ उरतात, पण ए-फोर आकाराच्या छपाईला तेवढे बक्कळ झाले.

माझी तिकडी : १६-३५, २४-७० आणि ८५. एकूण १४१९ ग्रॅम. ३५ एफ/१.८ घरी. २४-७० एफ/२.८ सोबत असताना ३५ मुळे मिळतो जेमतेम सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), आणि तीच फोकल लेंथ दोनदा उचलली जाते.

साधासुधा

गणित मान्य, तिकडी अमान्य. सर्वात जड लेन्स काढलीत आणि दुसरी सर्वात जड ठेवलीत. १६-३५ आणि २४-७० मध्ये २४ ते ३५ हा पट्टा दोनदा येतो, आणि जुन्या शहरात निम्म्याहून जास्त चित्रं नेमकी याच पट्ट्यात निघतात.

अंधाराचा हिशोब मांडू, कारण एफ/२.८ झूमचं समर्थन नेहमी त्यावरच होतं. मंद उजेडाचं चर्च धरा, एक्स्पोजर व्हॅल्यू (उजेडाचं माप) ४ च्या आसपास. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर शटर इतका वेळ उघडं हवं :

एफ/४ – १/३० सेकंद
एफ/२.८ – १/६०
एफ/१.८ – साधारण १/१५०

आता तिथे काय टिपायचं आहे? भिंती, छत, खांब हलत नाहीत. त्यांना १/३० भरपूर. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन चालू असेल तर वाइडवर १/८ ला सुद्धा हात टिकतो, मग आयएसओ ८०० वर आणा आणि स्वच्छ चित्र घ्या. म्हणजे वास्तूसाठी एफ/४ पुरतं. मेणबत्ती लावणारी बाई, चालणारा माणूस, आपलं पोर यांना १/१२५ तरी लागतं, नाहीतर चेहरा पुसला जातो. स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, समोरच्याला नाही. १/१२५ गाठायला एफ/२.८ कमीच पडतं, एफ/१.८ जेमतेम पुरतं. एफ/२.८ दोन्हींच्या मध्ये लटकतं : भिंतींना गरजेपेक्षा जास्त, माणसांना गरजेपेक्षा कमी.

म्हणून १६-३५, ३५ एफ/१.८ आणि ८५ एफ/१.८. तिन्ही मिळून १००४ ग्रॅम. दिवसा १६-३५, संध्याकाळपासून ३५, आणि ८५ बॅगेत. ३५ ते ८५ मधली पोकळी क्रॉपने भरते : ३५ क्रॉपमध्ये ५२ होते.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. ३५ ला एफ/१.८ वर तीन मीटर अंतरावर फोकसमध्ये असणारा पट्टा फक्त ८० सेंटिमीटरच्या आसपास असतो. घरच्यांना दोन ओळींत उभं केलंत तर मागची ओळ मऊ येईल. एफ/२.८ ते एफ/४ वर या आणि आयएसओ वाढू द्या. त्यामुळे चित्रात येणारे दाणे चालतात, पण आजीचा चेहरा धूसर आलेला कुणाला चालत नाही.

घारीचा_डोळा

@साधासुधा, प्रश्नकर्त्याने लिहिलंय की लेन्स बदलायला कुणी थांबणार नाही. तुमच्या तिकडीत ५० मिमी हवी असली तरी थांबणं आलं, नाहीतर १४ मेगापिक्सेल. चालत्या घोळक्यात २४ ते ७० एका हातात असणं यालाही किंमत आहे. अंधाराचा मुद्दा मात्र पटला. मग असं म्हणू : २४-७० आणि ३५ एफ/१.८ यांतली एकच न्यायची. झूम नेलीत तर प्राइम (एकाच फोकल लेंथची लेन्स) घरी, प्राइम नेलीत तर झूम घरी. दोन्ही नेण्यात अर्थ नाही.

टेकडीपलीकडे

सगळ्यांनी मिळून ७०-२०० ला वाळीत टाकलंय, म्हणून तिची बाजू. त्रे चिमे हा डोलोमाइट्सचा एक कोपरा आहे. अल्पे दि सिऊझीच्या कुरणावर लाकडी झोपड्या दूरदूर पसरलेल्या असतात आणि मागे सास्सोलुंगो, ३१८१ मीटर. तिथे ३५ ने चित्र घेतलंत तर हिरव्या चादरीवर ठिपके आणि मागे बुटका डोंगर. झोपडीपासून चारशे-पाचशे मीटर मागे सरून १५०-२०० ने घ्या. झोपडीचा आकार तोच राहतो, डोंगर मात्र अंगावर येतो. लेन्स जादू करत नाही, तुम्ही मागे सरकल्यामुळे दोन्ही अंतरांतलं प्रमाण बदलतं. पण मागे सरकायचं तर लांब लेन्स हवीच. सकाळच्या धुक्यात एकामागे एक दिसणाऱ्या डोंगररांगांनाही तेच लागू.

तरी एफ/२.८ नेऊ नका. डोंगरात दिवसा एफ/५.६ ते एफ/८ वरच काम चालतं, एक किलो काच उगाच. टॅमरॉन २८-२०० एफ/२.८-५.६ ही ५७५ ग्रॅमची आहे. भाड्याने मिळाली तर २४-७० आणि ७०-२०० दोन्हींच्या जागी तीच न्या. तिच्या जोडीला १६-३५ आणि ३५ एफ/१.८ : १२०८ ग्रॅममध्ये १६ ते २०० आणि रात्रीचीही सोय. २०० वर कोपरे तुमच्या ७०-२०० जीएमसारखे कापीव येत नाहीत, हे आधीच मान्य. झोपडी आणि डोंगर यांच्या चित्रात कोपऱ्यात गवतच असतं.

दिवेलागण

सगळ्यांचे आभार. टेलीचा प्रश्न इतका सुटा करून कुणी सांगितला नव्हता. आता दोन शंका. १६-३५ मधलं १६ खरंच लागेल का, की २४ वर भागेल? आणि पोलरायझर (चकाकी आणि प्रतिबिंब कमी करणारा फिरता फिल्टर), बॅटऱ्या, प्लग वगैरे. पोलरायझर ८२ मिमीचा एकच आहे.

घारीचा_डोळा

१६ साठी रोममधलं पँथिऑन घ्या. आतला व्यास ४३.३ मीटर, जमिनीपासून वरच्या गोल झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. भिंतीला पाठ लावून उभे राहिलात तर झरोक्याची तुमच्याकडची कड क्षितिजापासून साधारण ६७ अंश वर असते. समोरची जमीन दोनेक अंश खाली. दोन्ही एका चित्रात घ्यायचे तर ७० अंश लागतात. २४ मिमी उभी धरली तर ७४ अंश मिळतात. बसतं, पण चार अंशांच्या शिलकीवर. हात जरा हलला की एक टोक कापलं जातं. २० वर ८४, १६ वर ९७.

शिवाय कॅमेरा वर तिरका केला की खांब आत झुकतात. सॉफ्टवेअरमध्ये ते सरळ केले की दोन्ही बाजूंचा बराच भाग छाटला जातो, आणि २४ वर छाटायला काही उरलेलंच नसतं. म्हणून १६ हे पूर्ण रुंदी वापरायला नसून नंतर सरळ करायला जागा राहावी म्हणून न्यायचं. गल्लीबोळात उलट : १६ वर समोरचं घर आगपेटीएवढं होतं आणि अर्धं चित्र फरशीने भरतं. तिथे २४ ते ३५.

१६-३५ नसेल तर २४ उभी धरून डावीकडून उजवीकडे चार-पाच फ्रेम घ्या, प्रत्येकीत आधीचा तिसरा हिस्सा यायला हवा. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस मॅन्युअलवर बांधून टाका, नाहीतर झरोक्याजवळची फ्रेम काळपट आणि बाजूची पांढरी येते, जोड दिसतो. खांब आणि चौकटी जवळ असल्या की जोडताना वाकतात. दूरच्या भिंती नीट जुळतात.

बोगद्यातून

बाकीचं किरकोळ सामान, क्रमाने नाही, सुचेल तसं.

पोलरायझर : २४-७० च्या पुढच्या आट्यांचा व्यास ८२ मिमी, १६-३५ चा ७२, ८५ चा ६७, ३५ चा ५५. एक ८२ चा फिल्टर आणि ७२ ते ८२ ची स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) पुरेल. रिंग लावली की त्या लेन्सचा हुड बसत नाही, तेव्हा ऊन हाताने अडवा. सूर्यापासून ९० अंशाच्या दिशेला असर सर्वात जास्त. २४ पेक्षा रुंद लेन्सवर निळ्या आभाळात मध्येच एक गडद पट्टा उमटतो, तो नंतर निघत नाही. १६-३५ वर पोलरायझर अर्धाच फिरवा किंवा काढून ठेवा. व्हेनिसमध्ये पूर्ण फिरवलात तर कालव्यातलं प्रतिबिंबच पुसलं जाईल, आणि त्यासाठीच तर तिथे उभं राहायचं. आत शिरताना काढा, दीड ते दोन स्टॉप खातो.

रिंग आणि फिल्टर अडकले तर चिमटीत जोराने धरू नका. दाबलेली कडा लंबगोल होते आणि आटे आणखी घट्ट बसतात. रुंद रबरबँड कडेभोवती गुंडाळा, सगळ्या बोटांचा दाब सारखा ठेवा आणि हलक्या हाताने फिरवा. किंवा रबरी चपलेचा तळ पुढून सपाट टेकवून फिरवा.

बॅटरी : सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच, चेक-इनमध्ये चालत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. तुमची एनपी-एफझेड१०० फक्त १६.४ वॉट-तासांची आहे. पॉवर बँकेचं बघा : २०,००० एमएएच × ३.७ व्होल्ट = ७४, चालते. प्रत्येक सुटी बॅटरी टोपीत किंवा वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा. किल्ल्या-नाण्यांना टोकं लागली की शॉर्ट होते. तीन बॅटऱ्यांत दिवस निघतो.

प्लग : इटलीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सी, एफ आणि एल असे तीन प्रकारचे सॉकेट दिसतात. दोन गोल पिनांचा बारीक सी प्लग बहुतेक ठिकाणी बसतो, जाड एफ प्लग एलमध्ये जात नाही. म्हणून अडॅप्टर सी प्रकाराचाच घ्या.

५० हर्ट्झचा संबंध चित्रांशीही आहे. तिथले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ए७ मार्क ४ चा सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरवर सावकाश वाचला जातो, त्यामुळे एलईडीच्या उजेडात सायलेंट मोड लावलात की चित्रात आडवे पट्टे. शांतता हवीच असेल तर १/५० किंवा १/१०० वर राहा. नाहीतर मेकॅनिकल शटर. त्याचा आवाज चर्चमध्ये जाणवतो पण चित्र वाचतं.

नियम : व्हॅटिकन संग्रहालयात फ्लॅशशिवाय चित्रं चालतात, सिस्टिन चॅपलमध्ये फोटोग्राफी पूर्ण बंद. ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक व्हॅटिकन संग्रहालयातही नाही, फ्लोरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातही नाही. मोठ्या सॅक बाहेर जमा कराव्या लागतात. तेव्हा संग्रहालयाच्या दिवशी बॉडी, एक लेन्स आणि खांद्यावरची छोटी पिशवी. ट्रायपॉड आणूच नका. रात्री कठड्यावर कॅमेरा टेकवा, खाली दुमडलेला रुमाल, दोन सेकंदांचा टायमर.

फ्लोरेन्सला जॉत्तोच्या मनोऱ्यावर ४१४ पायऱ्या चढून गेलात तर वर सुरक्षेची जाळी आहे. घुमट शेजारीच, तेव्हा टेली नकोच. हुड काढा, लेन्स जाळीच्या अगदी जवळ आणा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. तारा धूसर होऊन विरतात. एफ/८ वर ठेवलंत तर चित्रात राखाडी फराटे येतात. पुढची काच लहान असलेली ३५ एफ/१.८ इथे २४-७० पेक्षा सोयीची.

साधासुधा

@बोगद्यातून, शेवटच्या ओळीसाठी धन्यवाद, ३५ ला आणखी एक मत. :)

लेन्स बदलण्याबद्दल राहिलं. बारा दिवसांत सेन्सरवर धूळ बसते ती इथेच. कॅमेरा बंद करा. वाऱ्याकडे पाठ. नव्या लेन्सची मागची टोपी आधीच सैल करून ठेवा, पण काढू नका. बॉडीचं तोंड खाली धरून जुनी लेन्स काढा, नवी लगेच बसवा, मग जुनीला टोपी. टोप्या खिशात टाकायच्या नाहीत. खिशातली कापसाची लव टोपीतून लेन्सच्या मागच्या काचेवर आणि तिथून सेन्सरवर जाते. ए७ मार्क ४ मध्ये बंद केल्यावर शटरचा पडदा पुढे आणायची सोय मेनूत आहे, ती चालू ठेवा. त्या पडद्याला बोट लावू नका आणि ब्लोअरही जवळून मारू नका, पाती अतिशय नाजूक असतात. रोज रात्री एफ/१६ वर कोरी भिंत किंवा आभाळ टिपून बघा; काळे ठिपके दिसले तर सेन्सर उघडा ठेवून, तोंड खाली करून ब्लोअर. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण वाळून चिकटतात.

व्हेनिसच्या बोटीवर खारं पाणी काचेवर उडालं तर कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण लेप ओरबाडतात. आधी ओलसर कापड, मग कोरडं. डोंगरात थंडीतून उबदार खोलीत येताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, तासभर उघडू नका. दव पिशवीवर बसतं, काचेवर नाही. कार्ड आधीच काढून घ्या म्हणजे तेवढा वेळ चित्रं उतरवता येतात.

घारीचा_डोळा

@दिवेलागण, निर्णयाआधी एक काम करा. मागच्या दोन-तीन सहलींची चित्रं लाइटरूम या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत उघडा, वरच्या फिल्टर पट्टीत मेटाडेटा निवडून एका स्तंभात फोकल लेंथ आणा. कोणत्या मिमीवर किती चित्रं, ते सरळ दिसतं. त्याआधी फक्त ठेवणीतली, तारांकित चित्रं गाळून घ्या. सगळी मोजलीत तर एकाच कबुतराची चाळीस चित्रं आकडा फुगवतात.

आणि वाचताना फसू नका. २४-७० वर नेहमी २४ आणि ७० या टोकांना ढीग दिसतो. ७० चा ढीग म्हणजे ७० आवडतं असं नाही, झूम तिथे संपली असंही असतं. त्या ढिगातली चित्रं उघडून बघा : किती नंतर क्रॉप केलीत? निम्मी क्रॉप केलेली असतील तर ८५ किंवा टॅमरॉन घ्या. क्रॉप नसेल तर ७० पुरलं होतं. २४ च्या ढिगात उंच इमारतींचे शेंडे कापलेले असतील तर १६-३५ आत. आणि ३५ ते ७० हा मधला भाग जवळजवळ रिकामा निघाला, तर २४-७० घरी ठेवायला हरकत नाही. साधासुधांची तिकडी तुमचीच.

भाड्याची लेन्स घेतलीत तर निघण्याआधी चार दिवस तरी हातात हवी. कॉन्ट्रास्टदार कडा असलेली एखादी भिंत चारही कोपऱ्यांसह टिपा, एक कोपरा बाकीच्यांपेक्षा मऊ आला तर आतली काच सरकलेली आहे, बदलून मागा. सगळ्यांचे सिरीयल नंबर एका कागदावर, आणि तो कागद कॅमेऱ्याच्या बॅगेत नको.

दिवेलागण

मोजायला बसतो. ७०-२०० कपाटात परत गेली.